फेशियलनंतर चेहरा बिघडला तर: पहिल्या तासापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

लग्न रविवारचं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी फेशियल; आणि शनिवारी हळदीला बसायच्या वेळी चेहरा टोमॅटोसारखा. इंदुरात रामबागेपासून सुदामानगरपर्यंत लग्नसराईत एखाद्या तरी घरी हे होतंच. मग सल्ले सुरू होतात. आत्या बर्फ चोळायला सांगते, मावशी सायीत हळद कालवते, कोणीतरी मेडिकलवरून ट्यूब घेऊन येतं. दुपारपर्यंत चेहऱ्यावर चार थर चढलेले असतात आणि मूळ त्रास कशाने झाला हे डॉक्टरलाही ओळखू येत नाही.

फेशियल, ब्लीच किंवा हलक्या पीलने (आम्लाने त्वचेचा वरचा पापुद्रा काढणं) बिघडलेली त्वचा बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपली आपण सावरते. महिनोन्‌महिने रेंगाळतो तो त्रास बहुधा नंतर लावलेल्या गोष्टींचा असतो. म्हणून इथे काय लावायचं यापेक्षा काय लावायचं नाही हेच जास्त सापडेल.

थांबायचं नाही असे दोन प्रसंग

ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली किंवा अंगभर गांधी उठून उलटी झाली, तर १०८ ला फोन करा. घरात ॲलर्जीची गोळी शोधत बसू नका. अशा वेळी गोळीचा उपयोग होईपर्यंत उशीर झालेला असतो, तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. श्वास लागत असेल तर माणसाला बसवून ठेवा, चक्कर येत असेल तर आडवं करून पाय उंच करा.

दुसरा प्रसंग डोळ्यांचा. ब्लीच किंवा पील डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून नळाच्या बारीक धारेखाली १५ ते २० मिनिटं डोळा धुवा. लेन्स असेल तर धुता धुता काढा. डोळा मोकळा वाटला तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आधी घड्याळ पाहा

आरशाआधी घड्याळ बघायचं. फेशियल किती वाजता झालं, त्रास किती तासांनी सुरू झाला, आणि मुख्य म्हणजे आग होतेय की खाज येतेय, एवढं मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि खिडकीच्या उजेडात एक फोटो काढा. अर्धं निदान याच नोंदीत असतं.

काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत आग, चुणचुण, चेहरा ताणल्यासारखा वाटणं, आणि लाली नेमकी जिथे क्रीम लागलं तेवढ्याच भागात: ही झाली त्वचा पोळल्याची प्रतिक्रिया. ॲलर्जी नव्हे. ब्लीच जास्त वेळ राहिलं, स्क्रब जोरात घासला, वाफ फार जवळून दिली, अशी कारणं. याच वेळात उठणारी दुसरी गोष्ट म्हणजे गांधी: फुगीर, खाजरे चट्टे, जे जागा बदलतात आणि एकेक चट्टा २४ तासांच्या आत मावळतो.

एक दिवस चेहरा चांगला, चमकतोय, सगळे कौतुक करतायत, आणि २४ ते ७२ तासांनी खाज सुटून बारीक पुरळ येतं, पापण्या सुजतात: ही खरी ॲलर्जी. पापणीची त्वचा सगळ्यांत पातळ, म्हणून ती आधी बोलते. ही प्रतिक्रिया क्रीम लागलेल्या जागेबाहेर, कानामागे आणि गळ्यापर्यंतही सरकते. “पण हेच फेशियल मी आधी चारदा केलंय” हे इथे कामाचं नाही. ॲलर्जी व्हायला आधीची ओळख लागतेच. आधीच्या त्या वेळांत शरीर ती ओळख करून घेत असतं.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसात केसांच्या मुळाशी पुळ्या आल्या तर मसाजचं जाड क्रीम, अस्वच्छ हात किंवा त्याच दिवशी केलेलं थ्रेडिंग-वॅक्सिंग. आणि दोन-तीन आठवड्यांनी डोळ्यांखाली मोहरीपेक्षा बारीक पांढरे, कडक दाणे दिसले तर ते मिलिया. त्यांना टोचायचं नाही. काही आपोआप जातात, उरलेले डॉक्टर सुईने मिनिटात काढतात.

पार्लरमध्ये यातल्या कशालाही “आतला मळ बाहेर पडतोय” म्हणतात. पुळ्यांवर लावायची ट्रेटिनॉइनसारखी औषधं सुरू केल्यावर नेहमीच्या जागी थोड्या पुळ्या वाढतात हे खरं आहे, पण खाजणाऱ्या लाल चेहऱ्याचा आणि त्याचा काही संबंध नाही.

पहिला तास

सगळं उतरवा. पॅक, सीरम, सनस्क्रीन, गुलाबपाणीसुद्धा. साध्या, गार वाटणाऱ्या पाण्याने, साबण न लावता, हातांनी न चोळता ५ ते १० मिनिटं चेहरा धुवा. पील किंवा ब्लीचने आग होत असेल तर २० मिनिटं. पाणी शक्यतो नळाला येणारं नर्मदेचं वापरा. बोरिंगचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यातल्या क्षारांचा थर त्वचेवर राहतो आणि आधीच चिडलेली त्वचा आणखी कोरडी पडते. निदान शेवटचं धुणं तरी प्यायच्या पाण्याने.

मग पट्ट्या. जुन्या मऊ मलमलीचा किंवा धुवून धुवून विरलेल्या सुती धोतराचा रुमालाएवढा तुकडा घ्या. उकळून गार केलेलं पाणी किंवा मेडिकलवर मिळणारं नॉर्मल सलाइन अर्धा तास फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा. कापड त्यात बुडवून थेंब गळणार नाही इतपत पिळा आणि चेहऱ्यावर नुसतं ठेवा. दोन-तीन मिनिटांत ते कोमट होतं, पुन्हा बुडवा. असं १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कापड टाकून झोपून जायचं नाही. वाळताना ते त्वचेतलाच ओलावा ओढून घेतं. पट्टी काढल्यावर चेहरा किंचित ओलसर असतानाच वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा: ग्लिसरीन, सिरॅमाइड किंवा पेट्रोलियम जेली असलेलं. लावल्यावर तेही झोंबलं तर फक्त पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

बर्फ थेट लावू नका. पोळलेल्या त्वचेला गारठ्याची इजा वरून होते, आणि बधिरपणामुळे ती कळतही नाही.

पहिले दोन दिवस काय काय दूर ठेवायचं

लिंबू: आम्ल, शिवाय त्याचा रस लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठतात. खायचा सोडा: उलटा, अल्कधर्मी, त्वचेचा स्वभाव किंचित आम्ल असतो, तो बिघडतो. टूथपेस्ट कशालाही नाही. मुलतानी माती वाळताना ताणते. कुंडीतली कोरफड तोडून लावायची फार हौस असते; पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक स्वतःच त्वचेला झोंबतो. आणि हळद. ती औषधी आहे यावर वाद घालायचं कारण नाही, पण हळदीचीही ॲलर्जी होते आणि लाल झालेल्या चेहऱ्यावर आणखी एक संशयित कशाला? हळदीचा कार्यक्रम टळणार नसेल तर हाता-पायांना लावून घ्या, चेहरा सोडा. थोरांना आधी सांगितलं की ऐकतात.

रोजचं व्हिटॅमिन सी सीरम, रेटिनॉल, नायसिनमाइड, पुळ्यांचा फेसवॉश हेही आठवडाभर कपाटात. शाम्पू करताना डोकं मागे टाकून धुवा म्हणजे फेस चेहऱ्यावरून ओघळणार नाही.

खाज किंवा गांधी असेल तर प्रौढ माणसाला रात्री सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एक गोळी चालते. गांधी तिने लवकर बसतात. ॲलर्जीच्या पुरळावर मात्र ती फक्त खाज थोडी हलकी करते, पुरळ नाही. झोप येते, म्हणून गोळी घेऊन स्कूटर चालवू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, मूत्रपिंडाचा आजार, किंवा लहान मूल असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

ट्यूबचं प्रकरण

आता तो मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायचं. मेडिकलवर जाऊन “चेहरा लाल झालाय, काहीतरी द्या” म्हटलं की जी ट्यूब हातात येते तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती मिळतात, आणि मैत्रिणीच्या ड्रॉवरमध्ये तर हमखास.

ती लावल्यावर घडतं असं: दोन दिवसांत लाली गायब, चेहरा नितळ, रंगही किंचित उजळ. बंद केली की चार दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त लाली आणि आग. म्हणून परत लावली. असं दोन-तीन महिने चाललं की त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरांचं जाळं दिसतं, हनुवटीवर लव वाढते, पुळ्या येतात, चुलीजवळ उभं राहिलं तरी चेहरा पेटतो. मग ट्यूब सोडवायला डॉक्टरला कित्येक महिने लागतात. फेशियलचा त्रास सात दिवसांचा होता.

म्हणून ट्यूबवरचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, ट्रायॲमसिनोलोन, यांपैकी काही दिसलं की ती चेहऱ्यासाठी स्वतःच्या मनाने लावायची नाही. दोन जाती जास्त फसव्या. एक, “गोरं करणारी” तिहेरी क्रीम: स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. ती वांगावर ठरावीक काळ डॉक्टरच्या नजरेखाली लावायची असते. ताज्या लालीवर ती म्हणजे आगीत तेल. दुसरी, बुरशी-जंतू-खाज सगळ्यांवर एकच. तीत निओमायसिन असेल तर त्याचीच ॲलर्जी असणारे लोक काही कमी नाहीत.

मग स्टिरॉइड कधीच नाही का? तसंही नाही. खऱ्या ॲलर्जीच्या पुरळाला डॉक्टर बरेचदा सौम्य, १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन देतात: दिवसातून दोनदा, पातळ, ३ ते ५ दिवस. माप असं: प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. पापणीवर विचारल्याशिवाय नाही. पू, पिवळी खपली किंवा पाण्याच्या फुटकुळ्या असतील तिथे तर मुळीच नाही.

पुळ्या, खपली, फुटकुळ्या: तिन्ही वेगळ्या

केसांच्या मुळाशी पुळ्या असतील तर पेट्रोलियम जेली आणि तेल बंद. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा धुणं, उशीचा अभ्रा रोज बदलणं. थोड्या असल्या तर पाच-सात दिवसांत वाळतात. फोडू नका, आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत फोडलेल्या पुळीचा डाग पुळीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

मधासारखी पिवळी, चिकट खपली जमली तर जंतुसंसर्ग. प्रतिजैविक लागेल, डॉक्टरला दाखवा. टॉवेल वेगळा ठेवा, लहान मुलांना गाल लावू नका.

ओठाच्या कडेला किंवा हनुवटीवर एका घोळक्यात पाण्याच्या बारीक फुटकुळ्या, आणि खाजेपेक्षा दुखणं, ठणकणं जास्त: ही हर्पिस. ज्यांना तापानंतर ओठावर अशा फुटकुळ्या येतात त्यांच्या अंगात हा विषाणू झोपून असतो. पील, लेझर, कधी कधी नुसतं ऊन त्याला उठवतं. ॲसायक्लोव्हिर जातीच्या गोळ्या पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू झाल्या तर चांगला फरक पडतो, तेव्हा “उद्या बघू” नको. इथे स्टिरॉइडची ट्यूब लावली तर फुटकुळ्या सगळ्या गालावर पसरतात. असा इतिहास असेल तर पील करण्याआधीच डॉक्टरला सांगा, ते आधीपासून गोळ्या देतात.

ब्लीच, वॅक्स आणि पील कुठे चुकतात

ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम आणि त्यात मिसळायची पावडर. पोळतं ते तीन कारणांनी: पाकिटावरच्या मापापेक्षा पावडर जास्त घातली, १५ मिनिटांच्या पुढे ठेवलं, किंवा आधी वाफ आणि स्क्रब केला. वाफेने फुगलेली त्वचा जास्त शोषते, म्हणून वाफेनंतर ब्लीच हा क्रमच चुकीचा.

वॅक्सने वरच्या ओठावर त्वचेची पट्टीच निघून आली, ओली चकचकीत जागा दिसतेय, असं झालं तर बहुतेक वेळा ती बाई रात्री ट्रेटिनॉइन किंवा ॲडापॅलिन लावत असते, किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असते. लावायची औषधं वॅक्सच्या आधी ५ ते ७ दिवस बंद हवीत. गोळ्या चालू असताना वॅक्स करूच नये, धाग्याने किंवा कात्रीने भागवावं. निघालेल्या जागेवर दिवसातून तीन-चारदा पेट्रोलियम जेली, जागा कोरडी पडू द्यायची नाही. पाच-सात दिवसांत भरते.

पीलनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पापुद्रे सुटणं हे काम झाल्याचं लक्षण आहे, आजाराचं नव्हे. तोंडाभोवती आधी, कपाळ शेवटी, आठवड्यात आटोपतं. लोंबणारा पापुद्रा ओढला की त्याच्या मुळाशी कच्ची त्वचा उघडी पडते आणि नेमका तिथेच तपकिरी डाग बसतो. फारच लोंबत असेल तर स्वच्छ बारीक कात्रीने कापा. ऑनलाइन बाटली मागवून घरी केलेलं पील जळलं तर नुसतं भरपूर पाणी; कोरडा सोडा चोळणं नको. पांढुरकी पडलेली किंवा पाण्याचे फोड आलेली जागा त्याच दिवशी दाखवा.

बाहेर पडताना

मे महिन्यातलं इंदूर आणि ॲक्टिवा. तोंडाला स्टोल गुंडाळायची आपल्याकडची पद्धत या दिवसांत चांगलीच, पण कापड सुती हवं. सिंथेटिक स्टोलखाली घाम अडतो, पुळ्या वाढतात. स्टोल रोज धुवा आणि दोनदा जास्त खळबळून काढा, कारण साबणाचा अंश दिवसभर गालाला घासत असतो. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टाही पुसत जा.

कच्च्या, ओलसर त्वचेवर सनस्क्रीन लावू नका. तोवर स्टोल, छत्री, सावली. त्वचा मिटली की झिंक ऑक्साइड किंवा टायटेनियम डायऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा जास्त. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि गळ्याला लागतं. लोक त्याच्या पावपट लावतात आणि सनस्क्रीनला नावं ठेवतात. उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा.

रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जायचं ठरलेलं असेल तर आधीच्या आठ दिवसांत ब्लीच, पील, वॅक्स काही नको. मिटत आलेल्या चेहऱ्यावर कोरडा रंग आणि पाण्याचा मारा एकदम झेपत नाही.

लाली गेली, काळं राहिलं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लालीच्या जागी तपकिरी सावट दिसतं. सूज आली की आपल्या रंगाच्या त्वचेत रंगद्रव्य जास्त तयार होतं, त्याचा हा डाग. तो घासून निघत नाही. घासलं तर सूज परत येते आणि डाग गडद होतो. नुसत्या सनस्क्रीनवर तो तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत हळूहळू विरतो. सहा आठवड्यांनी, त्वचा पूर्ण शांत असेल तर, ॲझेलेइक ॲसिडसारखं क्रीम डॉक्टरला विचारून सुरू करता येतं.

डॉक्टरकडे कधी, आणि सोबत काय न्यायचं

तीन दिवसांत उतार नाही, लाली पसरतेय, ताप, पू, फोड, डोळा मिटावा इतकी सूज: यापैकी काहीही असलं की त्वचारोगतज्ज्ञ. एम.वाय. रुग्णालयात सरकारी त्वचा विभाग आहे, सकाळच्या ओपीडीला लवकर पोचा. मेकअप न करता जा. पार्लरमध्ये वापरलेल्या प्रत्येक डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो हवा, पुढचा नाही. घटक मागे असतात. पार्लरवाल्या ताईंना भांडायला नव्हे, मदत मागायला जातोय अशा सुरात विचारलं तर त्या डबे दाखवतात. सुटं क्रीम बिननावाच्या डब्यातून काढलं असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

पुरळ परत परत येत असेल तर डॉक्टर पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या चकत्यांत वास, प्रिझर्व्हेटिव्ह, केसांच्या रंगातला पीपीडी असे ठरलेले घटक चिकटवतात. ४८ तासांनी चकत्या काढून पाहतात, आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. कधी कधी फेशियल निर्दोष सुटतं. दर पावसाळ्यात पापण्या, गळा आणि कोपराच्या घड्या खाजत असतील तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर वाढलेल्या गाजर गवताकडे बघा. त्याचे कण हवेतून चेहऱ्यावर बसतात.

पुढच्या वेळी

चेहरा पूर्ण बरा झाल्यावर निदान चार आठवडे काहीच नको. मग नवं क्रीम आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. धुवून टाकायच्या वस्तूंना, म्हणजे ब्लीच वगैरेंना, हे चालत नाही: ते पाकिटावर सांगितलं तेवढीच मिनिटं लावून धुवा आणि ४८ तास वाट पाहा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फेशियल कधीच नाही. सात ते दहा दिवस आधी, तेही ओळखीचं; आणि थ्रेडिंग त्याच बैठकीत नाही, दोन दिवस आधी उरकून घ्या.